‘पोर माझंच आहे’ एवढ्यानं भागत नाही

पोर ‘होम’मध्ये गेलं की आईबाप आधी पोलीस चौकीत धावतात, मग नगरसेवकाच्या कार्यालयात, मग कुणाच्या तरी ओळखीच्या वकिलाकडे; आणि सगळीकडून हात हलवत परतल्यावर बालकल्याण समितीपुढे येऊन उभे राहतात. तोवर दोन-तीन आठवडे सरलेले असतात. हा क्रम उलटा करा. आज तुमच्याशी जे बोलायचंय, त्यातलं निम्मं याच एका वाक्यात आलं.

मी विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवरची वकील. समितीच्या दाराबाहेर बाकावर बसलेल्या बायका मला पहिला प्रश्न एकच विचारतात, “मॅडम, पोर कधी देणार?” त्याचं उत्तर माझ्याकडे नसतं. त्या दिवशी समितीकडेही नसतं. पण ते उत्तर कशावरून ठरतं, हे सांगता येतं. तेवढंच नेमकं तुम्हाला कुणी बसवून सांगत नाही.

तुमच्यातल्या कुणाचं पोर सिग्नलवर गजरे विकताना उचललं गेलंय. कुणाचं कल्याण-दादरच्या फलाटावर एकटं सापडलंय. कुणाच्या घरातली मारझोड शेजारणीनं मुलांच्या हेल्पलाइनवर, १०९८ वर, कळवलीय. कुणाची सोळा-सतराची लेक मित्राबरोबर निघून गेली, सापडली, आणि आता घरी यायला नाही म्हणतेय. आणि कितीतरी जणी अशाही आहेत, ज्यांनी स्वतःच हाताला धरून पोर नेऊन ठेवलं. त्यांच्याशी जरा जास्त बोलायचंय मला, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच होतो.

आधी एक भीती बाजूला काढू. लोक अजून सगळ्याच संस्थांना ‘रिमांड होम’ म्हणतात. त्यामुळे पोरानं काहीतरी गुन्हा केला, असंच आळीत धरून चालतात आणि आईबापही मान खाली घालून येतात. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे, त्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. तिथे न्यायदंडाधिकारी बसतात आणि जामिनाची गोष्ट असते. ज्याला काळजी आणि संरक्षण हवं, त्या मुलाचं प्रकरण बालकल्याण समितीपुढे. दोन्ही एकाच कायद्याखाली, २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाखाली, आणि दोन्ही कधी कधी एकाच आवारात. म्हणून पहिल्या दिवशीच विचारून घ्या : मंडळ की समिती? समिती असेल तर मान वर करून आत जा. तिथे तुमचं पोर आरोपी नाही, आणि तुम्हीही नाही. तुमच्याशी कुणी आरोपीसारखं बोललं तरी नाही.

समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यांत निदान एक बाई असावीच लागते. काळे कोट दिसत नाहीत, म्हणून हलक्यात घेऊ नका. त्यांना प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. मूल सापडल्यापासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, त्यांच्यापुढे आणावं लागतं. महिन्यात निदान वीस दिवस समितीनं बसायचं आहे. तेव्हा “आता समिती नाही, पुढच्या महिन्यात या” असं दरवाज्यावरच्या शिपायानं सांगितलं, तर ऐकून परत फिरू नका. अर्ज लिहा, आवक विभागात द्या, आणि स्थळप्रतीवर शिक्का-तारीख घ्या. अर्ज साध्या कागदावर, साध्या मराठीत चालतो. तुमचं नाव, पोराचं नाव, वय, कुठून कधी गेलं, आणि ‘मला माझं मूल परत हवं आहे’ हे शब्द. एवढं लिहिलं तरी तुम्ही प्रकरणात आलात. शिक्का नसेल, तर तुम्ही आला होतात, याचा पुरावा राहत नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही समितीपुढे हात जोडून सांगता, “साहेब, पोर माझंच आहे.” बहुतेक वेळा समितीला ते पटलेलंही असतं. तरी कागद लागतो, कारण चुकीच्या माणसाच्या हाती मूल गेलं, तर जबाब त्यांना द्यावा लागतो. जन्माचा दाखला असेल तर उत्तम. नसेल तर दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीची नोंद, रेशनकार्ड, शाळेचा बोनाफाईड, जत्रेत काढलेला फोटो, जे असेल ते. पारधी वस्तीवरच्या, ऊसतोडीला फिरणाऱ्या, पुलाखाली राहणाऱ्या माणसांकडे कागद नसतात, हे समितीलाही ठाऊक असतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि फाइलमध्ये असणं वेगळं. अंगणवाडीच्या ताईनं किंवा सरपंचानं चार ओळी लिहून दिल्या, तरी फाइल हलते.

पण हे झालं पहिल्या प्रश्नाचं उत्तर. समितीचा दुसरा प्रश्न तुमच्या लक्षातच येत नाही, कारण तो तोंडानं विचारला जात नाही : हे पोर उद्या घरी गेलं, तर परवा काय होईल? सगळा निकाल या दुसऱ्या प्रश्नावर लागतो. तुम्ही मात्र सगळा वेळ पहिल्याचंच उत्तर देत राहता. रडता, शपथा घेता, कधी आवाज चढवता. आवाज चढवलात की फाइलमध्ये ‘पालक आक्रमक’ अशी नोंद पडते, आणि ती नोंद पुढच्या प्रत्येक तारखेला तुमच्या आधी खुर्चीत येऊन बसते. रडण्याची नोंद कुणी करत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर समितीच्या खोलीत ठरत नाही. ते तुमच्या घरी ठरतं, ज्या दिवशी परिविक्षा अधिकारी किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा कार्यकर्ता गृहभेटीला येतो त्या दिवशी. त्याचा सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत व्हावा आणि मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांच्या आत समितीनं अंतिम आदेश द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात पंधराचे पन्नास होतात. मूल मुंबईत, घर बीडला. इथल्या समितीनं तिथल्या कक्षाला पत्र पाठवायचं, तिथून माणूस वस्तीवर जायचा, तुम्ही तेव्हा कारखान्यावर, घराला कुलूप, माणूस परत, ‘पालक आढळून आले नाहीत’ असा शेरा. संपलं. म्हणून वाट बघत बसू नका. आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात स्वतः जा, ‘माझ्या घरचा अहवाल मागवला आहे, मी अमुक दिवशी घरी आहे’ असं लेखी द्या, मोबाइल नंबर लिहा. दुसऱ्या जिल्ह्यात सापडलेलं मूल आपल्या जिल्ह्याच्या समितीकडे पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे, तीही मागा. जवळ आलं की भेटायला तरी जाता येतं.

गृहभेटीच्या दिवशी काय करायचं, हे बायका मला हळूच विचारतात. घर सारवायचं का, उसना पंखा आणून लावायचा का? नका. दहा बाय दहाची खोली आहे म्हणून पोर अडवल्याचं क्वचित दिसतं. अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. तुम्ही धुण्याभांड्याला सकाळी सहाला बाहेर पडता. मग शाळेला पोराला कोण पाठवतं? नवरा पिऊन येतो, त्या रात्री पोर कुठे झोपतं? ते पळून गेलं होतं, का गेलं होतं? याची उत्तरं तयार ठेवा, आणि खरी ठेवा. शेजारणीलाही विचारणार आहेत. तुम्ही ‘हे पीतच नाहीत’ म्हणालात आणि शेजारीण ‘रोज पितात’ म्हणाली, तर नवऱ्याच्या दारूपेक्षा तुमचं खोटं जास्त महागात पडतं. त्यापेक्षा म्हणा, हो, पितो. पोर आल्यावर सहा महिने माझ्या बहिणीकडे राहणार आहे, हा तिचा पत्ता, ही ती इथेच बसलीय. मावशी, आजी, मामा यांना सोबत आणा. आईबापांकडे लगेच देणं जमत नसेल, तर नातेवाइकाकडे द्यायची वाटही समितीला मोकळी असते. पण त्या नातेवाइकाचं नाव तुम्हीच पुढे करायला हवं.

अहवालात काय लिहिलंय, ते तुम्हाला कळलं पाहिजे. तो गोपनीय असतो, हे खरं. पण त्यातला मथितार्थ पालकांना सांगण्याची आणि त्यावर पुरावा देण्याची संधी देण्याची मुभा त्याच गोपनीयतेच्या कलमात, ९९ मध्ये, समितीला दिलेली आहे. तेव्हा लेखी अर्ज करून विचारा. “तुमच्याविरुद्ध रिपोर्ट आहे” एवढं ऐकून गप्प बसू नका. विरुद्ध म्हणजे काय? घरात कुणी नसतं हे? की पोराच्या अंगावर वळ होते हे? दोन्हींची उत्तरं निराळी आहेत.

आता गरिबीबद्दल. मला या कामात सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल, तर ‘घरची परिस्थिती हलाखीची असल्याने बालकास संस्थेत ठेवणे हिताचे’ या वाक्याची. किती अहवालांत हे वाक्य जसंच्या तसं येतं! कायदा याच्या उलट सांगतो. मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्था हा शेवटचा उपाय, ही दोन्ही तत्त्वं अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात लिहिलेली आहेत. मुलाला पुन्हा घरी पोहोचवणं हे बालगृहाचं मुख्य उद्दिष्ट आहे, असं चाळिसावं कलम म्हणतं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २००९ मध्ये पर्यायी देखभालीविषयी जी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली, त्यांत तर स्पष्टच आहे की, निव्वळ दारिद्र्यापायी मूल कुटुंबातून काढू नये. ते कुटुंबाला मदत करण्याची खूण मानावी. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही ५ मे २०१७ च्या निकालात, अनाथालयांतल्या मुलांच्या शोषणाच्या प्रकरणात, मूल संस्थेत ठेवणं हा पहिला आणि एकमेव पर्याय समजू नका, असं बजावलं.

आणि मदत आहे. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, एकल पालकांच्या, आजारी पालकांच्या, तुरुंगात असलेल्यांच्या मुलांसाठी. महिन्याला २,२५० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व आहे, महिन्याला ४,००० रुपये. प्रायोजकत्वाचा आदेश तर समितीच काढू शकते. म्हणजे ज्या खोलीत तुमचं पोर ‘हलाखी’पायी अडवलं जातं, त्याच खोलीत हलाखीवरचा उतारा मिळतो. अर्ज करताना ‘मूल परत द्या’ याच्याच खाली दुसरी ओळ लिहा : ‘आणि मला बालसंगोपन किंवा प्रायोजकत्वाचा लाभ द्या.’ पैसे वेळेवर येतात, असं मी म्हणणार नाही. येत नाहीत. पण तुम्ही मागितल्याची नोंद असली की ‘हलाखी’ हे कारण लिहिताना लिहिणाऱ्याचा हात थोडा तरी थांबतो.

बुधवार पेठेतल्या, कामाठीपुऱ्यातल्या आयांसाठी एक वेगळी गोष्ट सांगून ठेवते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९ मे २०२२ च्या आदेशात ही शिफारस नोंदलेली आहे की, आई देहविक्रय करते, एवढ्याच कारणावरून मूल तिच्यापासून तोडू नये. हा आदेश छापून पिशवीत ठेवा. तो दाखवल्यावर बोलण्याचा सूर बदलतो.

आता त्या, ज्यांनी स्वतः पोर नेऊन ठेवलं. नवरा गेला, सासरनं हाकललं, चाळीतल्या एका बाईनं सांगितलं, “अगं, तिकडे जेवण मिळतं, शाळा असते, दिवाळीला घरी आण.” तुम्ही अर्ज केलात, समितीपुढे उभ्या राहिलात, दाखवतील तिथे सही किंवा अंगठा केलात. तुमच्या मनात ते वसतिगृह होतं. कायद्याच्या लेखी ते वसतिगृह नव्हतं. समाजकल्याणच्या वसतिगृहातून किंवा आश्रमशाळेतून पोर सुटीला आणता तसं बालगृहातून आणता येत नाही. तिथे ते समितीच्या आदेशानं आहे आणि समितीच्या आदेशानंच बाहेर येईल. दोन वर्षांनी तुमचं बरं चाललं, नोकरी लागली, खोली घेतली, पोर आणायला गेलात; आणि अधीक्षक म्हणाले, “ऑर्डर आणा.” मग तुम्हाला वाटतं, संस्थेनं पोर दाबून ठेवलंय. अधीक्षकांना वाटतं, ही बाई आता कशी उगवली? दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं, पण पोर मधल्या मध्ये अडकतं.

यातून वाट अशी. समितीकडे मुक्ततेचा अर्ज द्या. कलम ९७ त्यासाठीच आहे. ‘तेव्हा परिस्थिती अशी होती, आता अशी आहे’ हे दोन परिच्छेदांत लिहा. पगाराची पावती, भाडेकरार, शाळेत प्रवेश देऊ असं मुख्याध्यापकांचं पत्र जोडा. आणि या दोन वर्षांत तुम्ही कितीदा भेटायला गेलात, हे संस्थेच्या भेट-नोंदवहीत दिसतं. ती वही तुमची सगळ्यात मोठी साक्षीदार. ज्या आईच्या महिन्याला एक भेट नोंदवलेली असते, तिच्यासमोर समितीला फार प्रश्न उरत नाहीत. ज्या आईच्या चार सह्या असतात, तिला ‘प्रवासाला पैसे नव्हते’ हे पटवून द्यावं लागतं. म्हणून भेटीला गेलात की सही केल्याशिवाय परतू नका. आत सोडलं नाही, तरी आल्याची नोंद करा म्हणा. आणि घरात लग्न असेल, कुणी वारलं असेल, तुम्ही स्वतः आजारी असाल, पोराची परीक्षा असेल, तर रजा मागता येते. एका वेळी साधारण सात दिवस, प्रवास वगळून. ही रजा फारच थोडे पालक मागतात. मागा. सात दिवस नीट पार पडले की दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपोआप फाइलला लागतं.

सहा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत मात्र मला तुम्हाला घाबरवलंच पाहिजे. यातली अनाथ, टाकून दिलेली वाटणारी किंवा समर्पण केलेली मुलं बालगृहात जात नाहीत, विशेष दत्तक संस्थेत जातात. टाकून दिलेलं किंवा अनाथ म्हणून नोंद झालेलं मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल, तर दोन महिन्यांत आणि त्याहून मोठं असेल, तर चार महिन्यांत दत्तकासाठी मुक्त घोषित होऊ शकतं. त्याआधी वर्तमानपत्रात फोटो छापतात, चौकशी होते; पण ठाण्यात छापलेला फोटो यवतमाळच्या तांड्यावर कुणी पाहावा? मोठ्या मुलाची तारीख चुकली तर महिने जातात, लहानाची चुकली तर मूल जातं. लहान मूल हरवलं असेल, तर पोलिसांत हरवल्याची नोंद त्याच दिवशी, आणि समितीकडे अर्ज त्याच आठवड्यात. स्वतः समर्पण केलं असेल, म्हणजे समितीपुढे ‘मी सांभाळू शकत नाही’ अशी सही दिली असेल, तर फेरविचाराला दोन महिने मिळतात. त्या दोन महिन्यांत मन बदललं, तर कुणाला लाजू नका, कुणाला विचारू नका, सरळ जा आणि लेखी सांगा. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत पोरीच्या वतीनं घरची मोठी माणसंच बोलत असतात. पण सही तिची आहे, आणि ती मागे घेण्याचा अधिकारही तिचाच आहे.

आदेश विरोधात गेला तर? “ऑर्डर झाली” एवढं तोंडी ऐकून घरी जाऊ नका. त्याच दिवशी नकलेचा अर्ज करा. आदेशाच्या तारखेपासून तीस दिवसांत बाल न्यायालयात, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात, अपील करता येतं. प्रतिपालक कुटुंब किंवा प्रायोजकत्वाचा आदेश असेल, तर अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे. उशीर झाला, तर पुरेसं कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. अपील तीस दिवसांत निकाली काढावं, असंही कायदा म्हणतो. समितीच्या कामकाजाबद्दलच तक्रार असेल, तर तीही जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. बरेच वकील सरळ उच्च न्यायालयात ‘हेबिअस कॉर्पस’, म्हणजे ताब्यातल्या माणसाला कोर्टापुढे हजर करायला लावणारी याचिका, टाकू म्हणतात. ऐकायला भारी वाटतं, फीही भारी असते. पण समितीचा आदेश हातात असताना तिथे पहिला प्रश्न येतो : खाली अपील केलंत का? आधी खालची पायरी.

फीवरून आठवलं. बाईला आणि मुलाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं बारावं कलम. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोन १५१००. दागिने मोडून वकील केलेल्या आया मी पाहिल्यात, आणि त्यांच्या प्रकरणात त्या वकिलानं समितीपुढे केलेलं भाषण ऐकून कपाळावर हात मारून घेतलाय. समिती भाषणानं हलत नाही, मावशीच्या पत्त्यानं हलते.

ही दिरंगाई आजची नाही. शीला बारसे या पत्रकार बाईंनी मानखुर्दच्या निरीक्षणगृहाबद्दल मुंबई उच्च न्यायालयाला लिहिलं, तेव्हा त्यांच्या तक्रारींत एक हीच होती की, घरी पाठवायचे आदेश झालेली मुलंसुद्धा वेळेवर घरी पोहोचत नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८६ च्या डिसेंबरात निकाल लागला. ते निरीक्षणगृह चालवणारी, १९२७ मध्ये स्थापन झालेली संस्था, चिल्ड्रेन्स एड सोसायटी, जबाबदारीच्या बाबतीत सरकारसारखीच धरली पाहिजे, असं तेव्हा न्यायालय म्हणालं. चाळीस वर्षं होत आली. आदेश झाल्यावरही ‘एस्कॉर्ट उपलब्ध नाही’ म्हणून थांबलेली मुलं आजही सापडतात. तेव्हा आदेश झाला की पोर कधी, कुणाबरोबर निघणार, ते त्याच खोलीत विचारून घ्या.

परदेशातल्या प्रकरणांवर आपण फार हळहळतो. नॉर्वेत २०११ मध्ये एका भारतीय जोडप्याची दोन मुलं काढून घेतली, त्यावर पुढे हिंदी सिनेमाही आला, सगळ्यांनी डोळे पुसले. त्या आईची शेवटची लढाई मात्र नॉर्वेत झाली नाही. मुलं काकाच्या ताब्यात भारतात आली, आणि ती परत मिळवायला तिला उभं राहावं लागलं ते पश्चिम बंगालमधल्या बर्दवानच्या बालकल्याण समितीपुढे. समितीनं २०१२ मध्ये तिच्या बाजूनं कौल दिला, तरी मुलं हाती येईनात. शेवटी कलकत्ता उच्च न्यायालयात जावं लागलं. तुम्ही ज्या बाकावर बसलाय ना, तसल्याच बाकावर बसून झालं ते.

एक कडू गोष्टही बोलायला हवी, नाहीतर हे हितगुज कसलं! समिती कधी कधी बरोबर असते. घरातल्याच माणसानं लेकीला हात लावला असेल आणि ‘पोक्सो’ लागला असेल, तर समितीला तीन दिवसांत ठरवावं लागतं की पोर घरी सुरक्षित आहे का. त्या वेळी आई म्हणते, “माणूस सुटला की सगळं ठीक होईल.” नाही होणार. तुम्हाला पोर हवं असेल, तर त्या माणसानं घर सोडलं पाहिजे, पोरीनं नाही. तो दुसरीकडे राहतो, त्याचा पत्ता हा, मी त्याला घरात घेणार नाही, असं प्रतिज्ञापत्र द्या, आणि पाळा. सासूच्या धाकानं पोरीला जबाब बदलायला लावलात, तर पोर परत मिळण्याची वाट तुम्हीच बंद केलीत. तसंच त्या सतरा वर्षांच्या लेकीचं. ती ‘नाही’ म्हणतेय, तर समिती तिचं ऐकते, ऐकायलाच हवं. तिच्यावर ओरडायला नका जाऊ. भेटीत तिची पुस्तकं घेऊन जा, बारावीच्या फॉर्मचं विचारा. लग्नाचा विषय काढू नका. आणि बापांनो, व्यसनमुक्ती केंद्राची पावती ही लाजेची वस्तू नाही. समितीपुढे ती शंभर शपथांपेक्षा बरी.

समजा पोर घरी आलं. ‘देखरेखीसह’ असा आदेश असेल, तर अधिकारी पुन्हा घरी येत राहतील. त्यांना टाळू नका, अडचणी त्यांनाच सांगा. पहिले काही दिवस पोर उशीखाली पोळी लपवेल, संडासला जाऊ का म्हणून विचारेल, अंथरूण ओलं करेल, तुम्हाला चुकून ‘मावशी’ म्हणेल. पहिल्याच रात्री ‘तिथे मारत होते का?’ विचारू नका. सांगायचं असेल, तर ते भाजी निवडताना, बसमध्ये, कधीतरी सांगेल. आणि तसं काही सांगितलंच, तर ते लगेच समितीला किंवा १०९८ ला कळवा. पोर सुटलं ना, आता कशाला, असं म्हणू नका. आत दुसरी मुलं आहेत.

शाळेचं लगेच बघा. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वर्षाच्या मध्येही. फक्त समितीचा आदेश शाळेत दाखवत फिरू नका. मुलाची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे. आणि शिपायापासून वर्गापर्यंत ‘हा रिमांड होमचा’ हे पोहोचायला एक मधली सुट्टी पुरते. मुख्याध्यापक अडून बसले, तर बाल संरक्षण कक्षाला सांगा की, तुमच्याकडून त्यांना फोन करा किंवा पत्र पाठवा. नुसता प्रवेशाचा विषय, बाकी काही नको.